पहिल्या पानावरचं कासव

चोवीस तळली होती. ताटात नऊ उरली. मी पुन्हा मोजलं. नऊच.

चोवीस मुलं, प्रत्येकाने एक कासव केलेलं, आणि प्रत्येकाने आपलं आपणच खायचं, असा हिशेब होता. तांदळाचं पीठ तीन पाव, गूळ दीड पाव, दुधाची पावडर अर्धा पाव. डोळ्यांना चारोळ्या, दर कासवाला दोन, म्हणजे अठ्ठेचाळीस. त्या मुलांनीच घरून आणल्या होत्या. उरायला काही जागाच नव्हती. शिवाय उरलेली नऊ ही सगळ्यांत सुबक होती. पाठीवरच्या चौकटी काडीने सारख्या कोरलेल्या, चारही पाय एका मापाचे. खाल्लेल्या पंधरांपैकी निम्मी तर कासवं होती की वडे, ते सांगता आलं नसतं.

सोमी नैताम नावाची आठ वर्षांची मुलगी माझ्यासमोर हात मागे बांधून उभी होती.

"तुला गोड आवडत नाही का?" मी विचारलं.

"आवडते."

"मग खा."

"नाई."

"का?"

 मी आणखी एकदा विचारलं. ती घरी पळाली. तिच्यामागे आठजण गेले.

ही गोष्ट कुरखेड्यापासून नऊ मैलांवरच्या एका जंगलगावातली. मी तिथे एकशिक्षकी शाळेवर होतो. एकशिक्षकी म्हणजे सगळे वर्ग एकाच खोलीत आणि सगळं काम एकाच माणसाकडे. गाव गोंडांचं. मुलं घरी गोंडी बोलत, आमच्याशी झाडीपट्टीतली मराठी बोलत, आणि पाठ्यपुस्तकातली मराठी ऐकून माझ्या तोंडाकडे बघत बसत. त्यांच्यासाठी चांद्याच्या जिल्हा ऑफिसातून रंगीत चित्रांचं एक पुस्तक आलं होतं. सोळा पानं, अक्षर कमी, चित्रं मोठी. तळ्याकाठी कासव सगळ्या प्राण्यांना जेवायला बोलावतं, एवढीच गोष्ट. पहिल्या पानावर कासव, मग मासा, पोपट, वाघ, असे पाहुणे येत जातात.

या पद्धतीला 'चित्रवाचन' म्हणत. मुलाने आधी चित्र बघायचं, त्याबद्दल बोलायचं, मग त्याचा शब्द, आणि शेवटी शब्दातलं अक्षर. आमच्या इन्स्पेक्टर साहेबांनी त्यात स्वतःची भर घातली होती. कुरखेड्याच्या मीटिंगमध्ये ते म्हणाले होते, "चित्र बघा, हाताने करा, तोंडाने खा. मूल तो शब्द जन्मात विसरणार नाही. दर चित्राचा एक सोपा खाऊ मुलांकडून करून घ्या. मी महिनाअखेर येऊन बघणार आहे."

मी सांगितलेलं काम सांगितलं तसं करणारा माणूस आहे. पहिल्या पानावर कासव, म्हणून पहिला खाऊ कासवाचा. आमच्या सौभाग्यवतींनी तांदूळ भिजवून, वाळवून, कुटून दिले. शाळेच्या पडवीत चूल मांडली. मुलांनी गोळे थापले. प्रत्येकाने आपल्या हातातल्या गोळ्याकडे बघून तीनदा मोठ्याने म्हणायचं, "हे कासव आहे." मग मी तो कढईत सोडायचा. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. फक्त नऊ उरली.

उरलेली आम्ही घरी नेली. मी तीन खाल्ली, सौभाग्यवतींनी दोन, आमच्या दोन मुलींनी दोन-दोन. चवीत काहीही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली. पंधरा. ज्यांनी खाल्लं ते आले. ज्यांनी खाल्लं नाही ते आले नाहीत. एकही नाव इकडचं तिकडे नाही.

इथे हजेरीचं महत्त्व सांगायला हवं. आमची शाळा तात्पुरत्या मंजुरीची होती. महिन्याची सरासरी हजेरी वीसच्या खाली गेली तर ती उठवून पलीकडच्या मोठ्या गावात न्यायची, असा साहेबांचा तोंडी इशारा होता. सरासरी म्हणजे महिनाभर रोज आलेल्या मुलांची बेरीज, भागिले कामाचे दिवस. पलीकडच्या गावाला जायला मध्ये नदी होती. या चोवीसांतलं एकही मूल ती ओलांडून शाळेत गेलं नसतं. महिन्यात कामाचे दिवस चोवीस. म्हणजे बेरीज चारशे ऐंशी तरी हवी. पहिल्या नऊ दिवसांत ती दोनशे आठ झाली होती. उरलेले पंधरा दिवस पंधराच मुलं आली तर दोनशे पंचवीस. एकूण चारशे तेहेतीस. सरासरी अठरा. शाळा गेली.

मी घरी येऊन हे सांगितलं. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, त्या पावडरीला वास येतो. मी तेव्हाच म्हटलं होतं."

"वास सगळ्यांनाच आला असता. पंधरा जणांनी खाल्लं."

"मग पोट दुखलं असेल."

"ज्यांनी खाल्लं नाही त्यांचं?"

  मी वहीत तक्ता केला. नाव, वय, घर गावाच्या कोणत्या टोकाला, घरी गाय आहे की नाही, चारोळ्या आणल्या की नाही. वयाचा संबंध लागेना. गाईचा लागेना. चारोळ्या तर त्या नऊजणांनी इतरांपेक्षा जास्तच आणल्या होत्या.

पावडरीचा संशय मात्र जात नव्हता. गोंडांच्या बऱ्याच घरांत दूध पीत नाहीत, ते वासराचं असतं असं मानतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून चौथ्या दिवशी मी दुसरा खाऊ केला. दुसऱ्या पानावरचा मासा. पावडर मुद्दाम दुप्पट घातली. बाकीचं प्रमाण तेच. आलेल्या पंधराही मुलांनी मासा खाल्ला आणि कढईतला चुरा मागितला. एवढंच नाही, कुंपणाबाहेर सोमीची धाकटी भावंडं उभी होती, अजून शाळेच्या वयाची नसलेली. त्यांना मी एक मासा दिला. दोघांनी अर्धा अर्धा करून तिथल्या तिथे संपवला.

म्हणजे दूध नाही, गूळ नाही, तेल नाही, आमच्या घरचा हातही नाही. मग काय?

मी घरोघर गेलो. पहिलं घर सोमीचं. तिची आई धान पाखडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, मला खाट टाकून दिली, पाणी दिलं.

"सोमी शाळेत का येत नाही?"

"येईन ना, गुरुजी."

"कधी?"

"येईन."

"बरी आहे ना?"

"बरी हाय."

सोमी घराच्या मागे शेणी थापत होती, तिचा आवाज मला ऐकू येत होता. मी सोडून सगळ्यांना काहीतरी माहीत होतं. दुसऱ्या घरात तेच पाणी, तेच उत्तर. तिसऱ्या घरातला माणूस मात्र हसला. म्हणाला, "गुरुजी, तुमची शाळा तुमाले. आमचे पोट्टे ढोरं राखतीन." रागाने नव्हे. हिशेब मिटल्यासारखं बोलला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

असे आठ दिवस गेले. आठव्या दिवशी संध्याकाळी मी तक्ता पुन्हा काढला आणि तोवर न घातलेला एक रकाना घातला. आडनाव. हे आधी सुचायला हवं होतं. न येणारे सहा नैताम आणि तीन टेकाम. शाळेच्या पटावर नैताम सहाच होते आणि टेकाम तीनच. मडावी नऊ आणि आत्राम सहा, हे सगळे येत होते.

आनंद झाला, पण अर्धाच. नैतामांची घरं नाल्याकडे. टेकामांची देवराईकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. पाण्याची जागा वेगळी, शेतं वेगळी. दोन्ही घराण्यांचं एकमेकांत लग्न झाल्याचंही मी कधी ऐकलं नव्हतं. मग मुलं एकाच गोष्टीवर एकाच दिवशी कशी रुसतात?

वही घेऊन मी पाटलांकडे गेलो. गावचे पाटील मडावी. साठीचे, बिडी ओढत अंगणात बसले होते. त्यांचा नातू माझ्याकडेच शिकत होता. मी त्यांना तक्ता दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवला.

"पाटीलभाऊ, नैताम आणि टेकाम यांचा संबंध काय? सोयरे आहेत का?"

"सोयरे? राम राम राम. भाऊ होत ते. भावाभावात सोयरीक करते का कोनी?"

"आडनाव तर वेगळं आहे."

पाटील खूप वेळ हसले. मग बिडी विझवून म्हणाले, "गुरुजी, तुमी आडनावं मोजून राह्यले. आमी देव मोजतो."

मग त्यांनी मला समजावलं. गोंडांमध्ये प्रत्येक घराण्याचे देव मोजलेले असतात. कोणाचे चार, कोणाचे सहा, कोणाचे सात. एकाच आकड्याचे सगळे एकमेकांचे भाऊ, मग आडनाव काहीही असो. लग्न दुसऱ्या आकड्यात. आणि प्रत्येक आकड्याचा एक मानाचा जीव असतो. त्याला मारायचं नाही, खायचं नाही. त्या गावात नैताम आणि टेकाम हे दोन्ही चार देवांचे.

"आन् चार देवायचा जीव कोन्ता?" पाटलांनी मला विचारलं, जसा मी मुलांना विचारतो तसं.

मला पुस्तकाचं पहिलं पान आठवलं. 

"तुमी त्यायच्याच पोट्ट्यायच्या हातानं कासव करवलं," पाटील म्हणाले. "तीनदा नाव घेवाले लावलं. मंग उकळत्या तेलात टाकलं. आन् वरतून म्हनता, खा."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुमाले माहीत हाय असंच वाटलं सगळ्यायले. सरकारचं पुस्तक. पहिल्याच पानावर कासव. चांद्याहून आलं. गावात म्हनून राह्यले, सरकारले चार देववाल्यायचे पोट्टे शाळेत नाई पायजे, म्हनून काडून टाकले."

"तुम्हालाही तसंच वाटलं?"

"मी इचार करून राह्यलो होतो," पाटील म्हणाले. "माह्या नातवानं तं दुसऱ्याचं अर्धं मांगून खाल्लं. आमाले चालते. आमी सात देवाचे. मंग मी कायले बोलू?"

मी वही मिटली. आठ दिवस मी दुधाची पावडर आणि वहीतले रकाने तपासत होतो, आणि तेवढेच दिवस नऊ मुलं आपल्याला शाळेतून चाळून काढलं असं समजून ढोरं राखत होती.

"आता काय करू?"

"नैतामायच्या आजीले भेटा. सोमीची आजी. ते म्हनन तसं."

दुसऱ्या दिवसाची वाट न बघता मी तसाच तिच्या घरी गेलो. दिवस अजून पुरता बुडाला नव्हता. आजी दारात मोहाच्या टोऱ्या, म्हणजे बिया, फोडत बसली होती. मी जे झालं ते सगळं क्रमाने सांगितलं. मला माहीत नव्हतं, हेही सांगितलं. ते तिने मनावर घेतलं नाही. तिला एकच गोष्ट विचारायची होती.

"उरले ते नऊ. काय केलं त्यायचं?"

खोटं बोलण्याची मला सवय नाही. "खाल्ले."

"कोनं?"

"मी तीन. बायकोने दोन. मुलींनी दोन-दोन."

तिने बोटांवर मोजलं. नऊ भरले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू कोन्या देवाचा?"

मी गडबडलो. नोकरीत मला जात, धर्म, गाव, तालुका विचारला गेला होता. हा प्रश्न पहिल्यांदाच. आमच्यात असं मोजत नाहीत, असं मी म्हणालो.

"घरी देव नाई?"

"आहेत की."

"मंग मोज."

मी डोळे मिटून देव्हारा आठवला. चांदीचे टाक पाच. बाळकृष्ण एक. अन्नपूर्णा एक. "सात. पण भिंतीवर गणपतीचा फोटो आहे, तो धरायचा का?"

"भितीवरले नाई धरत."

"मग सात."

आजीच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "मंग मडाव्यायचा भाऊ होशीन तू. सात देववाल्यानं कासव खाल्लं तं काई बिघडत नाई. आमच्या पोट्ट्यायनं तोंडाले लावलं नाई. तेलात टाकनारा हात तुहाच. झालं." थोडं थांबून तिने बजावलं, "पन तू आता साळिंदर खाऊ नको. सात देवायचा जीव तो. आन् ते पुस्तक उघडशीन तं आमच्या लेकरायले पहिले हात जोडू देजो. मंग पान पलटव."

एवढ्यावर सुटलं. साळिंदर मी तोवर खाल्लं नव्हतं आणि पुढे खाण्याचा विचारही नव्हता. मी शब्द दिला.

दुसऱ्या सकाळी प्रार्थनेच्या आधीच नऊजण पडवीत हजर. सोमी सगळ्यांत पुढे. तिने विचारलं, "गुरुजी, मासा उरला का?"

नवव्या दिवसापर्यंत दोनशे आठ. मधले आठ दिवस पंधरा, म्हणजे एकशे वीस. पुढच्या सात दिवसांपैकी सहा दिवस रोज तेवीस, एक ना एक कोणीतरी तापाने किंवा कामाने गैरहजर. शेवटच्या दिवशी, साहेब आले त्या दिवशीही, तेवीसच. एकशे एकसष्ट. बेरीज चारशे एकोणनव्वद. हव्या होत्या चारशे ऐंशी. मुलं आणखी दोन दिवस घरी राहिली असती तर बेरीज चारशे त्र्याहत्तर झाली असती आणि शाळा नदीपलीकडे गेली असती. हा हिशेब मी त्या महिनाअखेरपासून आजवर अनेकदा करून पाहिला आहे. तो बदलत नाही.

साहेब बैलगाडीतून आले. हजेरीपट बघितला, बेरीज स्वतः केली, मान हलवली. मग म्हणाले, "आता तुमचं चित्रवाचन."

मी पुस्तक उघडलं. पहिलं पान. नऊ मुलं उभी राहिली, हात जोडले, बसली.

साहेबांचे डोळे चमकले. "वा! पुस्तकाला नमस्कार! हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही साहेब. ते असं आहे की—"

"पण नऊच का? बाकीच्यांनाही लावा ही सवय."

"साहेब, बाकीच्यांचं कासव नाही."

"म्हणजे?"

मी सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात वर्गातल्या मॉनिटरने स्वतःच पानं पुढे पलटली. मासा, पोपट, आणि मग वाघ. वाघाच्या पानावर आत्रामांची सहाही मुलं एकदम उभी राहिली. हात जोडले. बसली. हे मी सांगितलेलं नव्हतं. आजीने नैताम-टेकामांपुरतं सांगितलं होतं. आत्राम सहा देवांचे, त्यांचा जीव वाघ, हे त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं.

"आता हे का उठले?" साहेब म्हणाले.

"हे सहा देवांचे आहेत."

"आणि ते?"

"ते चार."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मुलांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "खाऊ कुठे आहे? कासव केलंत ना?"

"मासा केला आहे, साहेब."

"पहिल्या पानावर कासव आहे."

"कासव केलं तर नऊ मुलं येत नाहीत. मग सरासरी अठरा होते."

सरासरीचं नाव काढल्यावर ते थांबले. अठरा त्यांना लगेच कळली. त्यांनी मासा घेतला, अर्धा खाल्ला, चांगला झालाय म्हणाले. तेवढ्यात मागच्या रांगेतून पाटलांचा नातू उठला. त्याच्यासोबत हजर असलेली सगळी मडावी मुलं उठली. त्याने साहेबांनाच विचारलं, "सायेब, आमचं पान कुठी हाय? साळिंदर काऊन नाई काढलं?"

साहेब माझ्याकडे वळले. "हा काय म्हणतोय?"

"सात देवांचे आहेत," मी म्हणालो. "पुस्तकात त्यांचा प्राणी नाही. तक्रार रास्त आहे."

शेरेबुकात साहेबांनी दोन ओळी लिहिल्या. हजेरी समाधानकारक. मुलांमध्ये पुस्तकाविषयी आदर आहे, तो सर्व मुलांत समान असावा. शाळेची मंजुरी वर्षभरासाठी वाढली.

मी माझा सविस्तर अहवाल चांद्याला पाठवला. दोन पानं, सोबत तक्ता. पुढच्या आवृत्तीत साळिंदराचं एक पान घालावं, असं सुचवलं. उत्तर आलं नाही. शेवटी मडाव्यांच्या मुलांनी स्वतःच कोळशाने साळिंदर काढलं आणि ते पान मी भाताच्या खळीने पुस्तकाच्या शेवटी चिकटवलं. काटे जास्त झाले होते. तरी नऊही मडाव्यांनी हात जोडले.

त्या शाळेवर मी पुढे चार वर्षं होतो. खाऊ चालूच राहिला. मासे, पानं, चांदण्या, बैलगाडीची चाकं. पिठाचं प्रमाण मी आजही सांगू शकतो, तीन पावाला दीड पाव गूळ, आणि ते चुकत नाही. आकार कोणता द्यायचा, ते मात्र गावात विचारून घ्यायचं. विचारायला एक संध्याकाळ लागते. मला आठ दिवस लागले.